दोन झाकणं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवापुढं बसूनसुद्धा नाही — तिथं बसले की दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. एका माणसाला ते न सांगता कळलंय. आणि एकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे, त्यानं ते ओरडून सांगितलंही, पण कुणी विश्वास ठेवला नाही. का ठेवला नाही? माझ्यामुळं. पण थांबा, नीट सुरुवातीपासून सांगू द्या. मधूनच सांगितलं तर मी स्वतःला वाचवीन — मला माहीत आहे माझं.

जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणारा एक कारखाना आहे, तिथं मी सिस्टर आहे. दवाखाना म्हणजे गेटाला लागून एक खोली. एक खाट, एक कपाट, भाजल्यावर लावायचं मलम, डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर डोळा धुवायची बाटली. आणि टेबलावर मशीन — ड्रायव्हर प्यायलेला आहे का ते बघायचं. बसचे असोत की ट्रेलरचे, रोज गाडीला चावी लावायच्या आधी सगळे माझ्यासमोर येतात आणि नळीत फुंकतात. मी आकडा वाचते, रजिस्टरात लिहिते. माझ्या सहीशिवाय गेटातून गाडी हलत नाही.

हे मशीन कारखान्यानं का आणलं माहीत आहे? माझ्या नवऱ्यामुळं.

माझे मालक दत्तात्रय — सगळे दत्ता म्हणायचे — त्याच कारखान्याची बस चालवायचे. जुन्या जालन्यातून कामगार आणायचे, शिफ्ट सुटली की परत सोडायचे. आणि प्यायचे. आधी रात्री, मग संध्याकाळी, मग दुपारी डबा खाण्याआधी. हे मला माहीत नव्हतं असं मी लोकांना सांगत आले. खोटं आहे ते. मला सगळं माहीत होतं. वेलदोडे मी द्यायचे. वास जात नाही म्हटल्यावर पेरूची पानं चावायला मीच शिकवलं. आणि मग त्याच बसमध्ये पहिल्या सीटवर बसून घरी यायचे. माझ्या मागं चाळीस माणसं बसलेली असायची. त्यांच्या लेकराबाळांचा विचार मनात आला नाही का? आला. पण मी खिडकीबाहेर बघायचे.

दुसऱ्या बसवर यूनुसभाई होते. कारखान्यात येण्याआधी दोघं ट्रेलरवर जोडीनं असायचे — रायपूरपर्यंत जायचे, एका डब्यात जेवायचे. दत्तांना रिव्हर्स घ्यायला यूनुसभाईंनीच शिकवलेलं. मी कारखान्यात 'सिस्टर' असायचे, पण बाहेर भेटले की ते मला 'वैनी' म्हणायचे. त्यांनी दारूला कधी हात लावला नाही. त्यांच्या धर्मात चालत नाही हे तर झालंच, पण नुसता धर्म नव्हता तो, त्यांना त्या वासानंच मळमळायचं.

ते माझ्याकडं दोनदा आले होते. एकदा घरी, एकदा दवाखान्यात. दुसऱ्या वेळी दार लोटून घेऊन हळू आवाजात बोलले, "वैनी, दत्ता दिवसा पण घेऊन राह्यला. मी समजवून थकलो. तुम्ही बोला. न्हाई ऐकलं तर मला साहेबाला सांगावं लागंल. बसमधी माणसं असतात."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आमचं बरं चाललंय तर तुमच्या पोटात का दुखून राह्यलं?"

ते टोपी सारखी करून निघून गेले.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी शिफ्ट सुटली तेव्हा बस भरलेली, मी पहिल्या सीटवर, आणि दत्ता चढताना पायरीवरून घसरले. कुणीतरी हसलं. ते उठून सीटवर बसले, चावी लावली. तेवढ्यात यूनुसभाई बाजूच्या बसमधून उतरून आले, खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. म्हणाले, "दत्ता, आज न्हाई. उतर."

चाळीस माणसांसमोर. माझ्यासमोर. दत्तांनी शिवी दिली, चावी हिसकायला गेले आणि खाली पडले — तोंडावर. साहेब आले. तिथंच नोकरी गेली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात त्या माणसाचं काय चुकलं? काहीच चुकलं नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं आणि जळणं एकाच घरात नांदतात हो. माझे वडील हसनाबादहून आले, ओट्यावर बसले आणि चहा न पिता परत गेले. दत्ता थोडे दिवस कुणाचा पिकअप चालवायला गेले, मग तेही सुटलं. मग सकाळपासूनच. आणि कारखान्यानं मशीन आणलं आणि ते कुणाच्या हातात दिलं? माझ्या. पहिल्याच आठवड्यात एक ट्रेलरवाला फुंकून झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, एक मशीन घरी पण न्या." रांगेतले सगळे हसले. यूनुसभाई हसले नाहीत. उलट त्याला रागावले. त्याचाच मला जास्त राग आला. माझी बाजू घेणारे हे कोण? ज्यानं मला ह्या रांगेपुढं आणून उभं केलं, तोच?

मग सुरू झालं ते रोजचं. सकाळी साडेसहाला ते यायचे, फुंकायचे, मशीन शून्य दाखवायचं, मी शून्य लिहायचे. "चलो वैनी," म्हणायचे आणि जायचे. वैनी! गेटावर, सगळ्यांसमोर. पूर्वी तिथं सिस्टर म्हणायचे. दत्तांची नोकरी गेल्यापासून मुद्दाम वैनी म्हणायला लागले — आम्ही परके नाही हे दाखवायला असेल. मला वाटायचं, जखमेवर बोट ठेवून राह्यलेत. दोन वर्षं मी त्यांची शून्यं लिहिली. घरी ओकारी पुसून यायची आणि इथं त्यांचं शून्य लिहायचं. एक दिवस तरी हा माणूस चुकू दे, असं म्हणायचे मी. तो चुकला नाही.

मशीन शिकवायला जो माणूस आला होता त्यानं एक गोष्ट दोनदा सांगितली होती. खोकल्याच्या काही औषधांत, काही आयुर्वेदिक आसवांत अल्कोहोल असतं. ते घेतल्या घेतल्या फुंकलं तर मशीन ओरडतं — पोटात काही नसतं, तोंडात असतं. म्हणून आकडा आला तर चूळ भरायला लावायची, पंधरा मिनिटं थांबायचं, दोन माणसांसमोर परत फुंकून घ्यायचं. हा नियम छापून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावलेला होता. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. मी सोडलं नाही.

कळतंय ना तुम्हाला आता, मी कुठं चाललेय?

त्या हिवाळ्यात यूनुसभाईंना खोकला झाला. थंडी आणि एमआयडीसीतली धूळ — आठवडाभर खोकून राह्यले होते. मी कपाटातल्या गोळ्या देऊ शकत होते. दिल्या नाहीत. संध्याकाळी जुन्या जालन्यात एका मेडिकलवर गेले आणि खोकल्याचं आसव घेतलं. अल्कोहोल किती ते बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते दुकानातच उभं राहून वाचलं. बाटली तीन दिवस पर्समध्ये ठेवली. तीन दिवस! रागाच्या भरात झालं, असं मला म्हणता येत नाही. तीन दिवस मी ती पर्स खांद्याला लावून फिरले, भाजी घेतली, दत्तांना वाढलं, झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी ते एकटेच आधी आले. बाकीचे चहाच्या टपरीवर. खोकताना वाकले, टेबलाला धरून उभे राहिले. मी बाटली काढली. दोन झाकणं भरून वाटीत ओतली आणि म्हणाले, "घ्या. घशात धरून हळूहळू गिळा."

त्यांनी वाटी नाकाजवळ नेली. विचारलं, "वैनी, याच्यात काही तसलं न्हाई ना?"

मला विचारलं त्यांनी. सरळ विचारलं. मी म्हणाले, "जडीबुटी आहे. अडुळसा, ज्येष्ठमध. तुमच्यासाठी घरून आणलंय."

घरून आणलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी सांगणार नाही. ते प्यायले. तोंड वाकडं केलं, "कडू आहे पण बराबर लागलं," म्हणाले. मी बाटली पर्समध्ये टाकली, टपरीवरच्यांना हाक मारली, टाइम ऑफिसच्या साहेबांनाही उगाच काहीतरी कारण काढून आत बोलावलं. आणि सगळे जमल्यावर नळी त्यांच्यापुढं धरली.

मशीन ओरडलं. लाल दिवा लागला.

ते हसले. आधी हसलेच. "मशीन बिघडलं वाटतं." मग साहेबांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. म्हणाले, "साहेब, आत्ता सिस्टरनी औषध दिलं मला. खोकल्याचं. विचारा की." आणि माझ्याकडं वळले. अगदी निर्धास्त वळले होते हो. आता ही सांगंल आणि मिटंल, असं.

साहेबांनी विचारलं, "सिस्टर?"

मी म्हणाले, "मी काही औषध दिलेलं नाही. रजिस्टर बघा. नोंद आहे का?"

 यूनुसभाई माझ्याकडं बघत राहिले. मग एकदम बोलायला लागले — परत घ्या, चूळ भरतो, भिंतीवर लिहिलंय तुमच्या, पंधरा मिनिटं थांबा, न्हाईतर रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात चला. साहेब जरा डळमळले. नियम त्यांनाही माहीत होता. तेव्हा मी शांतपणे म्हणाले, "साहेब, सापडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. तेवढ्या वेळात उतरते ना." साहेबांनी घड्याळ बघितलं. गावात कामगार थंडीत उभे होते, बस निघायची होती. ते म्हणाले, "रक्त तपासलं तर पोलीस येतील, लायसन्स जाईल तुमचं. कशाला बोभाटा? चावी द्या."

चावी घ्यायला मी हात पुढं केला. साहेबांनी नव्हे, मी. आणि म्हणाले, "यूनुसभाई, आज न्हाई. उतरा."

तेव्हा त्यांना कळलं. मी बघितलं ना — कळताना बघितलं.  चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि खोकत बाहेर गेले.

आता जे सांगायचं ते सांगते. मला आनंद झाला. घाबरले नाही. दोन वर्षांनी पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं त्या दुपारी. रजिस्टरात आकडा लिहिला, खाली सही केली, अक्षर चांगलं आलं. संध्याकाळी स्कूटीवरून येताना मोंढ्याच्या अलीकडं गाणं गुणगुणत होते मी. कुणी बदल्याची चव विचारली तर मी सांगू शकते. गोड असते. लोक उगाच कडू म्हणतात.

बावीस वर्षांची नोकरी सात दिवसांत संपली. बातमी त्यांच्या गल्लीत त्यांच्याआधी पोचली होती. त्यांचे वडील म्हातारे, कायम अंथरुणावर. त्यांनी यूनुसभाईंना शपथ घ्यायला लावली. यूनुसभाईंनी ती घेतली. तरी म्हातारा म्हणाला म्हणे, "आदमी झूठ बोलता. मशीन कायको झूठ बोलेगी?" आणि मरेपर्यंत मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. हे मला कुणी सांगितलं? दत्तांनी.

कारण — हे मी धरलंच नव्हतं — दत्ता यूनुसभाईंकडं जायला लागले होते.

ज्या दिवशी बातमी ऐकली त्या दिवशी ते आधी खदाखदा हसले. मला वाटलं, चला, ह्यांच्यासाठीच तर केलं. मग हसणं थांबलं आणि म्हणाले, "खोटं आहे. यूनुस पीत न्हाई. मशीन फेकून द्या तुमचं." मी म्हणाले, "माणसं बदलतात." ते म्हणाले, "मी बदललो. तो न्हाई बदलत."

दुसऱ्या दिवशी ते यूनुसभाईंना भेटून कारखान्याच्या गेटावर आले. पिऊनच आले — न पिता कुठं जायची त्यांना हिंमत राहिली नव्हती. गेटाचे गज धरून ओरडायला लागले. "दारुड्या मी आहे! माझी फुंकर घ्या! यूनुसनं खरं सांगितलं होतं, मी प्यायलो होतो! त्याला का काढून राह्यले?" शिफ्ट सुटायची वेळ. माणसं जमली. कुणी म्हणालं, "बघा, दारुड्याची साक्ष द्यायला दारुड्या आला." वॉचमननी त्यांचे हात गजांवरून सोडवले, एक-एक बोट उचलून. हे सगळं मी दवाखान्याच्या खिडकीतून बघत होते. वीस पावलांवर.

वीस पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, हो, औषध मी दिलं. बस एवढंच. मी खिडकी लावून घेतली.

घरी आले तेव्हा ते जमिनीवर बसलेले. समोर बाटली. तीच. फेकून द्यायचंही माझ्याकडून राहिलं होतं — की टाकवलं नव्हतं, कोण जाणे. त्या दिवसानंतर मी घरीच ठेवलेल्या पर्समधून काढलेली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. प्यायले नाहीत. मी तुम्हाला सांगते, त्या माणसानं घरात स्पिरिटसुद्धा सोडलं नव्हतं, पण ती बाटली प्यायले नाहीत.

"तू दिलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"माझा वास झाकायला तू शिकवलंस," ते म्हणाले. "आन् ज्याला वास न्हवता त्याला लावलास."

मग मी ओरडले. खूप ओरडले. तुमच्यासाठी केलं, तुम्ही चाळीस माणसांत तोंडावर पडलात, माझ्या बापानं चहा घेतला नाही — सगळं बाहेर काढलं. आणि ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्यावर ओरडून राह्यलेय त्याच्यावरचाच हा राग होता. पहिल्यापासून त्याच्यावरचाच. त्याचं मला काही करता आलं नाही म्हणून मी शहाण्या माणसाला धरलं. पण हे कळलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेले का? नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी मशीनपुढं होते.

यूनुसभाईंना परत कुणी गाडी दिली नाही. प्यायलेला सापडला म्हटल्यावर जालन्यातला कुठला मालक देईल? ते आता भावाच्या दुकानात गाड्यांच्या सीटची रेक्झिन कव्हरं शिवतात. एकदा मी स्कूटीच्या सीटसाठी न बघता त्याच दुकानात शिरले. ते मशीनवर होते. मान वर केली. मला वाटलं शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी भावाला सांगितलं, "इनको बोलो, दुकान बंद है." दुकान उघडं होतं, दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मी निघाले. सिस्टर नाही, वैनी नाही. 'इनको.'

आणि कारखान्यात माझं नाव झालं. सुरक्षा सप्ताहात साहेबांनी माईकवरून सांगितलं की ह्या सिस्टरनी ओळखीपाळखीचा विचार न करता बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला पकडलं. शाल दिली. मी घेतली. टाळ्या वाजल्या त्या ऐकल्या. आता मी सगळ्यांना चूळ भरायला लावते, आकडा आला तर पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबते, एकदासुद्धा चुकत नाही. नवे ड्रायव्हर म्हणतात, सिस्टर लई इमानदार आहे. मागच्या साली दोघांना मी साहेबांना सांगून नोकरीवरून न काढता व्यसनमुक्तीला पाठवलं, एक सुधारला. हे चांगलं काम आहे ना? आहे. पण त्यानं आधीचं पुसलं जातं, असं मी समजत नाही. तुम्हीही समजू नका.

आणि खरं सांगू? अजूनही कधी भांडी घासताना त्यांचा तो चेहरा आठवतो — कळतानाचा — आणि क्षणभर तोंडात ती गोडी येते. मग चटका बसतो. पण आधी गोडी येते.

दत्ता अजून पितात. कमी, पण पितात. माझ्याशी बोलतात, मी केलेलं खातात. परवा त्यांना ताप भरला, अंग नुसतं कढत. मी गोळी काढली, पाण्याचा ग्लास घेऊन खाटेपाशी गेले. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. उठले, भिंतीला धरत धरत चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत चालत गेले. गोळी विकत आणली, स्वतः माठातून पाणी घेतलं आणि माझ्यासमोर गिळली. मग म्हणाले, "झोपतो आता. लाइट बंद कर."

मी लाइट बंद केला.

उद्या सकाळी साडेसहाला माझी ड्युटी आहे. अकरा ड्रायव्हर आहेत.